तुम्ही विचारलंत म्हणून: १७८ ओळींची वही

गेल्या महिन्यात भाचीने विचारलं, "मावशी, एवढे १७८ भाग कोण बघणार? तू वरचे दहा सांग, मी तेवढेच बघते." त्याआधी ऑफिसातल्या दोघांनी विचारलं होतं, त्याआधी शेजारच्या मुलाने, आणि त्याच्याही कितीतरी आधी कॉलेजातल्या मैत्रिणींनी. मालिका एकच, 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन', आणि प्रश्नही एकच: पहिला नंबर कोणत्या भागाचा? आजवर मी एक नाव सांगून मोकळी होत आले. पण त्या एका नावामागे बरंच काही आहे आणि ते कुणीतरी पूर्ण ऐकावं असं मला मनापासून वाटतं. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे.

मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. चोविसाव्या शतकातलं 'एंटरप्राइझ' हे अवकाशयान, त्याचा फ्रेंच कप्तान ज्याँ-लुक पिकार्ड, उपकप्तान रायकर, डेटा नावाचा यंत्रमानव, क्लिंगॉन वंशाचा वॉर्फ, समुपदेशक ट्रॉय आणि बाकीची मंडळी. सप्टेंबर १९८७ मध्ये सुरू झाली, मे १९९४ मध्ये संपली. सात सीझन, प्रत्येकाचे २६ भाग. दुसऱ्याचे तेवढे २२, कारण १९८८ मध्ये तिकडे लेखकांचा संप झाला.

दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारं जुनं स्टार ट्रेक, कर्क आणि स्पॉकचं, आम्ही घरातले सगळे बघायचो. हे नवं आमच्याकडे आलं ते मामाच्या सुटकेसमधून. मामा न्यू जर्सीत राहतो. त्याने तिकडे टीव्हीवरून भाग टेप केले आणि जुलै १९९० मध्ये येताना कॅसेटी घेऊन आला. एकेका कॅसेटवर सहा भाग, मधल्या मोटारींच्या आणि साबणांच्या जाहिरातींसकट. अमेरिकेतली कॅसेट आपल्या साध्या व्हीसीआरवर चालत नसे, त्यांची पद्धत एनटीएससी आणि आपली पाल. कोपऱ्यावरच्या व्हिडिओ लायब्ररीतून मल्टिसिस्टिम व्हीसीआर दिवसाच्या भाड्याने आणावा लागे. तो जोडला तरी आमच्या टीव्हीवर रंग उमटत नसत, चित्र काळं-पांढरं दिसायचं. पिकार्डचा गणवेश लाल असतो हे मला पुढे पाच-सहा वर्षांनी कळलं.

मी चौदा वर्षांची होते, मराठी माध्यमात. इंग्रजी शब्द ओळखीचे वाटायचे, पण वाक्य कुठे चाललंय ते पहिल्या वेळी समजत नसे. म्हणून तोच भाग परत परत बघायचा. व्हीसीआर परत करायच्या आत ज्याची तीन पारायणं व्हायची तो चांगला, अशी माझी पहिली क्रमवारी होती. १९९२ च्या दिवाळीत दोनशे पानी वही घातली आणि भागांची नावं एकाखाली एक लिहायला घेतली. क्रमांक पेन्सिलने, कारण ते बदलणार हे तेव्हाच ठाऊक होतं. ती वही आज समोर आहे. समासातला कागद खोडून खोडून पातळ झालाय, दोन ठिकाणी आरपार फाटलाय.

माझा निकष साधा आहे. भाग संपल्यावर लगेच पुढचा लावता आला तर तो पहिल्या वीसात नाही. जो संपल्यावर हात रिमोटकडे जात नाही, उठून पाणी प्यावं लागतं, खिडकीशी उभं राहावं लागतं, तो वर.

तळाचं आधी उरकते. १७८ व्या क्रमांकावर पहिल्याच सीझनमधला 'कोड ऑफ ऑनर'. एका परग्रहावरचे सगळे लोक कृष्णवर्णीय अभिनेत्यांना घेऊन दाखवलेत, आणि त्यांना दिलंय काय तर भडक कपडे, बायका पळवून नेणं आणि झुंजी. माणसांमधला भेदभाव संपलाय असं भविष्य दाखवणाऱ्या मालिकेने असं करावं याचा मला आजही राग येतो. अनेकजण शेवटचा क्रमांक 'शेड्स ऑफ ग्रे'ला देतात. दुसऱ्या सीझनचा हा शेवटचा भाग. पैसे संपले होते म्हणून तीन दिवसांत उरकला आणि रायकर बेशुद्ध पडून जुन्या आठवणी काढतोय या निमित्ताने आधीच्या भागांचे तुकडे जोडले. वाईट आहेच. पण तिथे कामचुकारपणा आहे, 'कोड ऑफ ऑनर'मध्ये अपमान आहे. मी दोन्हींना एका मापाने मोजत नाही. सातव्या सीझनमधला 'सब रोझा', ज्यात डॉक्टर क्रशरच्या मागे मेणबत्तीतलं भूत लागतं, तो याच पानावर आहे.

पहिले दोन सीझन एकूणातच खालच्या पानांवर आहेत आणि त्याचं एक कारण सांगता येतं. मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी याचा आग्रह होता की चोविसाव्या शतकातली माणसं एवढी सुधारलेली असतील की सहकाऱ्यांमध्ये भांडणं होणारच नाहीत. कल्पना उदात्त, पण लेखकांनी गोष्ट कशातून काढायची? १९८९ मध्ये तिसऱ्या सीझनला मायकेल पिलर लेखकांचा प्रमुख झाला. त्याने दोन गोष्टी केल्या. प्रत्येक भाग जहाजावरच्या कुणा एकाच्या मनातल्या पेचावर उभा करायचा असं ठरवलं, आणि बाहेरच्या नवख्या माणसांनी पाठवलेल्या संहिता वाचायला सुरुवात केली. त्या उघड्या दारातून रोनाल्ड मूर आला, रेने एचेव्हारिया आला. वहीत तिसऱ्या सीझनपासून पानं बदलल्यासारखी वाटतात.

त्याआधीचा एकच भाग माझ्या पहिल्या पाचांत आहे, दुसऱ्या सीझनमधला 'द मेझर ऑफ अ मॅन'. चौथा क्रमांक. मी भाषांतराचं काम करते, बरंचसं कोर्टाच्या कागदांचं, त्यामुळे पडद्यावरची कोर्टं मला सहसा सहन होत नाहीत. हे होतं, कारण लिहिणारी मेलिंडा स्नॉडग्रास स्वतः वकिली केलेली बाई. डेटा हा माणूस की स्टारफ्लीटची, म्हणजे त्या काळच्या अवकाशदलाची, मालमत्ता, त्याला उघडून बघायचं असेल तर त्याची परवानगी लागते का, हा खटला. तळ नवा, माणसं अपुरी, म्हणून डेटाविरुद्धची बाजू त्याचाच मित्र रायकर याला मांडावी लागते. नाही म्हटलं तर डेटा यंत्र आहे असा निकाल तिथेच लागणार. रायकर रात्री डेटाचे आराखडे बघत बसलेला असतो. बघता बघता त्याला हवं ते सापडतं, डेटाला बंद करायचं बटण. त्याच्या चेहऱ्यावर हसू येतं, मुद्दा सापडल्याचं, आणि पुढच्याच क्षणी ते मावळतं, कारण हा मुद्दा कुणाविरुद्ध वापरायचाय ते त्याला आठवतं. संवाद एकही नाही. वकिलांच्या चेहऱ्यावर मी हे हसू पाहिलंय. मावळताना फार कमी वेळा पाहिलंय.

पाचव्या क्रमांकावर 'द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स'चा पहिला भाग, आणि लोक माझ्याशी सगळ्यात जास्त भांडतात ते इथे. जून १९९० मध्ये तिसरा सीझन या भागाने संपला. बोर्ग नावाची टोळी पिकार्डला पळवते, त्याच्या अंगात यंत्रं घालून त्याला आपल्यातलाच एक करून टाकते, आणि पिकार्ड ज्यावर आहे त्या बोर्गच्या जहाजावरच रायकर तोफ डागायचा हुकूम देतो. पडदा काळा. अमेरिकेत लोक सप्टेंबरपर्यंत थांबले. मामाच्या कॅसेटवर हा शेवटून दुसरा भाग होता, त्यानंतर एक जुना भाग आणि मग नुसती खरखर. पुढची कॅसेट मला मे १९९१ मध्ये मिळाली. दहा महिने मी दहावीचा अभ्यास करता करता पिकार्डला सोडवायचे उपाय शोधत होते. पिलरने हा भाग लिहिला तेव्हा सुटका कशी करायची ते त्यालाही ठाऊक नव्हतं, कारण तो मालिका सोडून जायच्या विचारात होता. रायकरही त्या भागात जहाज सोडून बढती घ्यावी की नाही या विचारात आहे, हा योगायोग नव्हे. दुसरा भाग मात्र वहीत ३१ वा आहे. सुटका होते ती युक्तीने, आणि युक्ती पहिल्या भागातल्या भीतीएवढी मोठी नाही. दोन्ही मिळून एकच धरा असं सगळे म्हणतात. मी धरत नाही. दहा महिने मी फक्त पहिला जगले आहे.

त्या गोष्टीचा खरा शेवट त्यापुढच्या भागात आहे, 'फॅमिली'. सहावा क्रमांक. पिकार्ड फ्रान्समधल्या आपल्या गावी, थोरल्या भावाच्या द्राक्षमळ्यात जातो. एकाही प्रसंगात जहाजाचा ब्रिज, म्हणजे कप्तान बसतो तो नियंत्रण कक्ष, दिसत नाही, असा हा अख्ख्या मालिकेतला एकमेव भाग. दोघं भाऊ चिखलात लोळून मारामारी करतात, हसतात, आणि हसता हसता पिकार्ड रडायला लागतो. आदल्या आठवड्यात जग वाचवलेला नायक या आठवड्यात चिखलात बसून रडतोय, आणि थोरला भाऊ गप्प बसून ते रडू पुरतं वाहून जाऊ देतो. मूरने लिहिलेला हा भाग मला वय वाढेल तसा वर सरकताना दिसतोय.

सात ते दहा पटकन सांगते. 'यस्टर्डेज एंटरप्राइझ', जुनं जहाज काळाच्या भेगेतून पुढे येतं आणि ते परत मरायला पाठवावं लागतं. 'चेन ऑफ कमांड'चा दुसरा भाग, पिकार्डच्या छळाचा आणि चार दिव्यांचा, जो मी एकदाच पाहिलाय आणि पुन्हा बघायची हिंमत नाही. 'द ड्रमहेड', देशद्रोही शोधता शोधता चौकशीचीच चटक लागलेल्या अ‍ॅडमिरलचा. आणि 'लोअर डेक्स', ज्यात पहिल्यांदाच गोष्ट खालच्या हुद्द्यावरच्या पोरांच्या नजरेतून दिसते आणि त्यातली एक मुलगी परत येत नाही. हे चौघं आपापसांत जागा बदलत असतात.

आता वरचे तीन.

दुसऱ्या क्रमांकावर 'द ऑफस्प्रिंग'. एचेव्हारियाने आपणहून पाठवलेली संहिता, मार्च १९९० मध्ये लागलेली, आणि रायकरचं काम करणाऱ्या जोनाथन फ्रेक्सने दिग्दर्शित केलेला पहिला भाग. डेटा कुणालाही न विचारता स्वतःसारखं एक मूल तयार करतो. आपण मुलगी व्हायचं हे ते मूलच ठरवतं. तिचं नाव तो ठेवतो लाल. हिंदी शब्द आहे, अर्थ लाडकं, असं तो सांगतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उठून टीव्हीजवळ गेले होते. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर, कळत नसलेल्या इंग्रजीत अचानक एक आपला शब्द. मराठी कानाला लाल म्हणजे आधी रंग, मग आठवतो नंदलाल. आणि हिंदीत आई लाल म्हणते ती मुलाला. लेखकाला हे ठाऊक होतं की नाही कोण जाणे, पण मुलीला लाल म्हणणारा बाप मला तेव्हाही आवडला आणि आता जास्त आवडतो.

स्टारफ्लीटचा अ‍ॅडमिरल तिला संशोधनासाठी घेऊन जायला येतो. पिकार्ड अडवतो. तिला ही भीती जाणवते, आणि भीती वाटणं हीच तिच्यातली बिघाडाची सुरुवात असते, कारण तिच्या बापाला न जमलेली गोष्ट तिला जमली आहे. तिचा मेंदू कोसळायला लागतो. वाचवायचे प्रयत्न आपल्याला दाखवतच नाहीत. दार बंद. बाहेर सगळे उभे. अ‍ॅडमिरल बाहेर येतो, तिला न्यायला आलेला तोच माणूस, आणि डेटाचे हात किती वेगाने चालले होते ते सांगताना त्याचा आवाज फुटतो. एक तार जोडावी तोवर दुसरी सुटत होती. मग शेवटी लाल बापाला सांगते की माझं तुमच्यावर प्रेम आहे. त्याला ते वाटू शकत नाही, तसं तो तिला सांगतो. ती म्हणते, मी दोघांच्या वाटचं वाटून घेईन. या भागानंतर मी कधीही लगेच पुढचा लावलेला नाही.

पहिला क्रमांक 'डार्मोक'.

पाचव्या सीझनमधला दुसरा भाग, सप्टेंबर १९९१ चा, लेखक जो मेनोस्की. टमेरियन नावाचे परग्रहवासी भेटतात. भाषांतरयंत्र त्यांचा प्रत्येक शब्द बरोबर सांगतं, तरी अर्थ लागत नाही. "डार्मोक आणि जलाद, टनाग्राला." "शाका, भिंती कोसळल्या तेव्हा." बोलणी फिसकटतात. त्यांचा कप्तान डेथन पिकार्डला उचलून एका निर्जन ग्रहावर नेतो आणि त्याच्यापुढे खंजीर धरतो. पिकार्डला वाटतं हे द्वंद्वाचं आव्हान आहे. रात्र पडते. पिकार्डला शेकोटी पेटवता येत नाही. डेथनची पेटलेली आहे. तो एक जळतं लाकूड उचलून पिकार्डकडे टाकतो आणि म्हणतो, "टेंबा, हात पसरून." म्हणजे घे. तुला दिलं. पिकार्डला तेव्हा कुठे एक धागा हाती लागतो. ही माणसं गोष्टींमधून बोलतात. नाव घ्यायचं, जागा सांगायची, आणि तिथे जे घडलं तो अर्थ. डेथनने त्याला मारायला आणलेलंच नाही. एका श्वापदाशी दोघांनी मिळून लढावं म्हणजे दोघांची मिळून एक गोष्ट होईल, यासाठी आणलंय. त्यात डेथन जबर जखमी होतो. मरता मरता तो म्हणतो, आता तुझी गोष्ट सांग, आणि पिकार्ड त्याला शेकोटीशेजारी गिल्गमेश आणि एन्किडूची गोष्ट सांगतो.

ही कॅसेट आली १९९२ च्या दिवाळीत. अण्णा, माझे वडील, साताऱ्याला शाळेत इतिहास शिकवायचे. परग्रहांशी त्यांचा काही संबंध नव्हता. दारात चष्मा पुसत उभे होते. मी त्यांना मराठीत सांगितलं की यांची भाषा कुणालाच कळत नाहीये. थोडा वेळ बघून ते म्हणाले, "यात न कळण्यासारखं काय आहे? सावकाराचं पत्र आहे ते."

पानिपतानंतर पेशव्यांच्या हाती एका सावकाराचं पत्र पडलं असं सांगतात. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. सगळे शब्द समजले आणि गोष्ट माहीत नसली तर एक दागिना हरवलाय एवढंच कळेल. अण्णा मग खाली बसले आणि शेवटपर्यंत बघितलं. नंतर आमच्या घरात कितीतरी दिवस तो खेळ चालला. आपण रोज हेच बोलतो की. ध चा मा झाला. गड आला पण सिंह गेला. विश्वास गेला पानिपतात. दूधवाल्याने उधारी मागितली की अण्णा आतून विचारायचे, "खुर्दा किती?" आई वैतागायची.

तरीही 'डार्मोक' तेव्हा वहीत नववा होता. अठरा-एकोणीस वर्षं आठवा-नववा असाच राहिला.

२०११ मध्ये अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. कळायचं सगळं, शब्द येत नसत. चष्मा हवा असला की ते हवेत हात फिरवत आणि भलताच शब्द बाहेर पडला की डोळे मिटून घेत. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांनी स्पष्ट शब्द उच्चारला: "आग्रा." दोनदा. नर्स माझ्याकडे वळली, "आग्र्याला कोणी नातेवाईक आहेत का?" मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी डाव्या हाताने खाटेचा कठडा धरला होता.

"अण्णा, घरी जायचंय?"

त्यांनी माझं मनगट पकडलं. "पेटारे," म्हणाले.

डॉक्टरांनी नंतर समजावलं की रोजचं बोलणं गेलं तरी वर्षानुवर्षं घोकलेलं कधी कधी शिल्लक राहतं, श्लोक, पाढे, गाणी. अण्णांनी एकतीस वर्षं तेच धडे तेवढ्याच जोराने शिकवले होते. पाणी हा शब्द गेला होता आणि पन्हाळा राहिला होता. भेटायला आलेली माणसं खाटेभोवती कोंडाळं करून बसली की ते म्हणत "पन्हाळा", म्हणजे वेढा पडलाय, यांना उठव. गोळ्या घ्यायला कुरकुर करून शेवटी तोंड उघडत तेव्हा "पुरंदर". तह मान्य. ज्या दिवशी उजव्या हातात पहिल्यांदा कप धरला, चहा थोडा सांडला, पण धरला, त्या दिवशी ते माझ्याकडे बघून म्हणाले, "गड आला." मी विचारलं, "आणि सिंह?" बराच वेळ ओठ हलले. मग डाव्या हाताचं बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

मला ते सगळं लगेच उमगत गेलं, कारण ही भाषा आम्ही दोघांनी एका कॅसेटवरून एकोणीस वर्षं आधी शिकून ठेवली होती. भावाला वेळ लागला. त्याला मी 'डार्मोक' लावून दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी तो अण्णांशी गप्पा मारू लागला. पाच वर्षं आम्ही असे बोललो.

त्या वर्षीच वहीतला नऊ खोडून एक केला. पेनाने.

तुम्ही म्हणाल, हे तुमच्या घरचं झालं, भागाचं काय? म्हणून मी तो त्यानंतर निव्वळ कारागिरीसाठी पुन्हा पाहिला, कितीतरी वेळा. टमेरियन भाषा टिकणार नाही असा आक्षेप घेतला जातो: गोष्टी माहीत व्हायला आधी गोष्टी सांगाव्या लागतील, त्या कुठल्या भाषेत सांगणार? आणि इंजिनाचा सुटा भाग कसा मागणार? आक्षेप बरोबर आहे. पण तो भाषेच्या रचनेबद्दलचा आहे आणि भाग आहे तो समजून घेण्याबद्दलचा. मेनोस्की कुठेही आपल्याला अर्थ आयता हातात देत नाही. शेकोटीचा प्रसंग बघा. आधी लाकूड येतं, मग वाक्य, मग पिकार्डच्या चेहऱ्यावर शंका, मग तो तेच वाक्य चाचरत परत म्हणतो. पिकार्ड जेवढा शिकतो तेवढेच आपण शिकतो, एक शब्दही पुढे नाही. शेवटी तो जहाजावर येऊन त्यांच्याच भाषेत डेथनच्या मृत्यूची बातमी सांगतो, तेव्हा भाषांतर नसतं, आणि तरी आपल्याला वाक्य न् वाक्य कळतं. पाऊण तासात आपण एक परकी भाषा शिकलेलो असतो. भाषांतरावर पोट असलेली मी, मला हे कुठल्याही वर्गात इतकं नीट शिकवता आलेलं नाही.

राहिला तिसरा, आणि तिथे मामाचं आणि माझं पटत नाही.

जगातल्या बहुतेक याद्यांमध्ये 'द इनर लाइट' पहिला असतो. १ जून १९९२ ला लागला, पुढच्या वर्षी त्याला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. एका अनोळखी यानाच्या किरणाने पिकार्ड बेशुद्ध पडतो आणि कटान नावाच्या ग्रहावरच्या रेसिक गावात कामिन म्हणून जागा होतो. बायको आहे, मित्र आहे, घर आहे. आधी तो झगडतो, मग रुळतो. मुलं होतात, बासरी शिकतो, नातू होतो, बायको जाते. गावात पाऊस पडत नाही, विहिरी आटत चालल्यात, सूर्यच मरणार आहे. म्हातारपणी त्याला कळतं की हे जग हजार वर्षांपूर्वी संपलं. आपली आठवण कुणा एकाकडे तरी राहावी म्हणून त्या लोकांनी ते यान सोडलं होतं. जागा होतो तेव्हा जहाजावर पंचवीस मिनिटं झालेली असतात. त्या यानात एक छोटी डबी सापडते, डबीत बासरी. तो ती छातीशी धरतो आणि मग वाजवतो. कामिनच्या मुलाचं काम पॅट्रिक स्टुअर्टच्या खऱ्या मुलानेच केलंय.

या नावाचा आपल्या मुंबईशी धागा आहे. लेखक मॉर्गन गेंडेल याने नाव घेतलं ते 'बीटल्स'मधल्या जॉर्ज हॅरिसनच्या याच नावाच्या गाण्यावरून, आणि त्या गाण्याचं संगीत जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांनी वाजवलेलं आहे. त्यातही बासरी आहे. मालिकेसाठी बनवलेली पिकार्डची बासरी मात्र वाजतच नाही, तरी २००६ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ती घ्यायला लोक अटीतटीने भिडले होते.

मी हा भाग तिसरा ठेवते कारण पिकार्डला यात काही करावं लागत नाही. त्याच्यावर एक आयुष्य येऊन पडतं आणि तो ते सोसतो. 'डार्मोक'मध्ये दोन माणसं जीव धोक्यात घालून एकमेकांकडे चालत जातात. मला ते मोठं वाटतं. मामाला हे सांगून झालंय, फोनवर, पत्रात, समोरासमोर.

मामाचं आणि माझ्या आईचं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. धरण भरलं तेव्हा मामा शाळेत होता. मी आजोळ पाहिलेलंच नाही, फक्त ऐकलंय: देवळासमोरचा पार, नदीकडे उतरणारी वाट, कुणाच्या घराला किती पायऱ्या. मामा आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे आणि त्या वाटेवरची घरं क्रमाने सांगतो. मागच्या वेळी वाद घालताना मी म्हटलं, पिकार्डने तिथे केलं काय, नुसता राहिला. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "राहिला ना. आणि शेवटी बासरी तरी मिळाली त्याला."

मी तीन खोडलेला नाही. पण तो अजून पेन्सिलने आहे.

तर भाचे, तुझे दहा हे असे. सुरुवात 'द मेझर ऑफ अ मॅन'ने कर. 'बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स'चा पहिला भाग पाहिल्यावर दुसरा निदान एक आठवडा लावू नकोस. 'द ऑफस्प्रिंग' रात्री उशिरा नको. 'डार्मोक' आपण दोघी मिळून बघू, मला मध्ये थांबवून अण्णांचं काही सांगायचं असेल. आणि 'द इनर लाइट' आत्ता राहू दे. डिसेंबरात मामाआजोबा येणार आहेत. तो त्यांच्याशेजारी बसून बघ, आणि संपला की त्यांना घरं विचार, पारापासून नदीपर्यंत. लिहून घे.